आयटीचा क्लास लावण्यापूर्वी: क्लास, स्वतःचा अभ्यास आणि या दोहोंमधला मार्ग कसा निवडावा

दर वर्षी मे-जूनमध्ये निकाल लागले की ओळखीपाळखीतून मला एकच प्रश्न येतो: ‘मुलाला कोणता क्लास लावू?’ नोकरी करणारे विचारतात तेव्हा त्याचे रूप थोडे बदलते: ‘सीसीएनए करायचे आहे, यूट्यूबवर होईल की पैसे भरावेत?’ (सीसीएनए म्हणजे नेटवर्कची सामग्री बनवणाऱ्या सिस्को कंपनीचे प्रमाणपत्र.) मुंबईत नेटवर्कच्या कामात मी बरीच वर्षे काढली आहेत, काही वर्षे शनिवार-रविवारच्या बॅचना शिकवलेही आहे. त्यामुळे क्लासच्या काउंटरच्या दोन्ही बाजू माझ्या पाहण्यातल्या आहेत. माझे उत्तर असे असते की क्लासमध्ये ज्ञान विकत मिळत नाही, कारण आयटीतले बहुतेक ज्ञान आता फुकट मिळते. क्लासमध्ये तीन वस्तू विकत मिळतात: वेळापत्रक, आपली चूक पाहून ती दाखवणारा माणूस आणि हात चालवायला लॅब. या तिन्हींपैकी आपल्याकडे नेमके काय नाही, हे आधी शोधावे आणि तेवढ्याचेच पैसे मोजावेत. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत आणि त्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात, कारण फी भरण्याची वेळ त्यांत मुद्दाम उशिरा ठेवली आहे.

पहिली पायरी: आधी कामाचे नाव ठरवावे

‘आयटी करायचे आहे’ असे म्हणणे म्हणजे ‘लोकलने जायचे आहे’ असे म्हणण्यासारखे आहे. कर्जत की कसारा हे ठरल्याशिवाय गाडी निवडता येत नाही. डेस्कटॉप सपोर्ट, नेटवर्क, लिनक्स या प्रणालीवरच्या यंत्रांचे प्रशासन, क्लाउड म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेली यंत्रे सांभाळणे, सॉफ्टवेअर टेस्टिंग, वेब डेव्हलपमेंट, डेटा अ‍ॅनालिसिस ही सगळी वेगवेगळी कामे आहेत, आणि त्यांपैकी एकाचा क्लास दुसऱ्याला फारसा उपयोगी पडत नाही.

एका संध्याकाळी नोकरीच्या संकेतस्थळांवर बसून मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतल्या, शून्य ते दोन वर्षे अनुभव मागणाऱ्या वीस जाहिराती काढाव्यात. वहीत एका बाजूला मागितलेली कौशल्ये लिहावीत आणि प्रत्येक जाहिरातीसाठी त्यांच्यासमोर एक रेघ ओढावी. वीसपैकी दहाहून अधिक जाहिरातींत जे आले तो तुमचा अभ्यासक्रम. दोन-तीन जाहिरातींतच दिसले ते नोकरी लागल्यावर पाहता येईल. प्रमाणपत्र ‘आवश्यक’ म्हटले आहे की ‘असल्यास प्राधान्य’, हेही वेगळे टिपावे. कार्यालय ऐरोलीला आहे, पवईला आहे की मालाडला, हेसुद्धा लिहून ठेवावे. बदलापूरच्या मुलाने मालाडच्या रात्रपाळीसाठी कोर्स केला तर पुढे काय होते, ते मी पाहिले आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. एमएस-सीआयटी हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचलेले असल्याने अनेक पालक त्यालाच आयटीचे शिक्षण समजतात. तो संगणक साक्षरतेचा कोर्स आहे आणि त्या कामाला चांगला आहे, पण आयटीतल्या नोकरीसाठीचे प्रशिक्षण हे त्यापुढचे प्रकरण आहे.

दुसरी पायरी: त्या विषयातली चूक ओरडते की गप्प बसते, ते पाहावे

माझ्या मते सगळ्या निवडीचे मर्म या पायरीत आहे, आणि क्लासच्या माहितीपत्रकात ते कधीच सापडत नाही. काही विषयांत चूक झाली की यंत्र स्वतःच बोंब मारते. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत कंस राहिला तर प्रोग्रॅम चालत नाही आणि कोणत्या ओळीच्या आसपास घोळ आहे तेही पडद्यावर येते. एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेत तक्त्याचे नाव चुकले तर क्वेरी, म्हणजे तो प्रश्न, लगेच परत येते. अशा विषयांची सुरुवातीची पायाभरणी घरी सहज होते, कारण संगणक हाच तुमचा पहिला शिक्षक असतो आणि तो रात्री दोन वाजताही न कंटाळता चूक दाखवतो.

दुसऱ्या प्रकारच्या विषयांत यंत्र चूक निमूटपणे मान्य करते. फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी; सगळी वाहतूक आत सोडणारी फायरवॉल अगदी सुरळीत चालते, तक्रार कोणाचीच येत नाही. ती फायरवॉल उरलेली नाही, हे मात्र अनुभवी माणसालाच दिसते. डेटाबेसची वाईट मांडणी शंभर नोंदी असेपर्यंत उत्तम चालते. क्लाउडवर स्टोरेज चुकून सार्वजनिक ठेवले तर वेबसाइट दिसते, आणि आपल्याला वाटते की जमले.

एक उदाहरण जवळून पाहू. डोंबिवलीचा एक मुलगा सीसीएनएचा अभ्यास घरीच करत होता, आणि मन लावून करत होता. सिस्कोच्या पॅकेट ट्रेसर या, नेटवर्कची पडद्यावर नक्कल करणाऱ्या आणि फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याने दोन स्विच, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणारी यंत्रे, जोडले होते. प्रत्येक स्विचवर व्हीलॅन १० आणि व्हीलॅन २० यांचा एकेक संगणक होता (व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर आखलेले वेगळे आभासी नेटवर्क). मधल्या ट्रंकवर, म्हणजे दोन स्विचमध्ये सगळ्या व्हीलॅनची वाहतूक नेणाऱ्या जोडणीवर, आधी फक्त व्हीलॅन १० ला परवानगी होती आणि त्याचे दोन संगणक एकमेकांना व्यवस्थित पिंग करत होते, म्हणजे हाक मारून उत्तर मिळवत होते. मग त्याने व्हीलॅन २० ला परवानगी देणारी आज्ञा लिहिली. व्हीलॅन २० चालू झाले आणि व्हीलॅन १० बंद पडले. पडद्यावर ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ची रांग. तीन रात्री त्याने आयपी पत्ते बदलले, केबली काढून पुन्हा लावल्या, शेवटी संगणकही पुसून नव्याने ठेवले. माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला फक्त ट्रंकची स्थिती दाखवणारी आज्ञा द्यायला सांगितली आणि परवानगीची ओळ मोठ्याने वाच म्हटले. त्या ओळीत एकटा २० होता. आज्ञेत ‘अ‍ॅड’ हा शब्द राहिला होता. तो नसला की स्विच जुनी यादी पुसतो आणि नवी लिहितो. व्याकरणाच्या दृष्टीने आज्ञा बिनचूक होती, म्हणून स्विच काहीच बोलला नाही. हे शोधायला आम्हाला चार मिनिटे लागली. हीच चूक खऱ्या कार्यालयात झाली असती तर एका मजल्यावरचे कामकाज ठप्प झाले असते.

त्या चार मिनिटांसाठी पैसे मोजणे योग्य आहे. त्यांच्या आधी आणि नंतर आयपी पत्ता म्हणजे काय, हे साठ तास फळ्यावर ऐकण्यासाठी मोजावेत का, हा वेगळा प्रश्न आहे. म्हणून आपल्या विषयाचे घटक लिहून काढावेत आणि प्रत्येकासमोर ‘ओरडते’ किंवा ‘गप्प’ असे लिहावे. ‘गप्प’ घटक जास्त असतील तर माणूस हवा. जिथे मुळात यंत्रणाच घरी मिळत नाही, उदाहरणार्थ मोठ्या कंपन्यांचे व्यवहार सांभाळणारी सॅपसारखी महागडी प्रणाली किंवा डेटा सेंटरमधली सामग्री, तिथे क्लासला पर्याय फारसा नाही. पण तुम्ही लॅबचे पैसे देत आहात हे लक्षात ठेवून लॅबच तपासावी.

तिसरी पायरी: एक रुपयाही न भरता तीन आठवडे स्वतःची परीक्षा घ्यावी

‘मला घरी अभ्यास होत नाही’ आणि ‘मी एकटा सगळे करीन’ ही दोन्ही वाक्ये लोक अंदाजाने बोलतात. अंदाज करण्यापेक्षा करून पाहावे. तीन आठवडे, आठवड्याला आठ तास, असे वेळापत्रक वहीत मांडावे आणि खरोखर किती तास झाले ते रोज लिहावे.

साहित्याची कमतरता नाही. पवईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प इथे विशेष कामाचा आहे, कारण त्यात लिनक्स, पायथन, सी अशा विषयांचे दहा-दहा मिनिटांचे पाठ असून अनेक पाठांचा आवाज मराठीत उपलब्ध आहे; एका बाजूला पाठ चालू ठेवून दुसऱ्या बाजूला तेच स्वतः करत जायचे, अशी त्याची रचना आहे. मायक्रोसॉफ्टचे प्रशिक्षण संकेतस्थळ आणि सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीचे प्राथमिक कोर्स फुकट आहेत. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षण प्रकल्पाचे आयआयटी प्राध्यापकांचे चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे कोर्स करायलाही पैसे पडत नाहीत. केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क भरावे लागते. एनपीटीईएलचा खरा फायदा व्याख्यानांपेक्षा साप्ताहिक गृहपाठाच्या मुदतीत आहे, कारण अंतिम गुणांत गृहपाठाला २५ टक्के वाटा असतो आणि मुदत गेली की ती गेली. क्लासमधल्या तीन वस्तूंपैकी वेळापत्रक ही वस्तू अशी फुकटही मिळू शकते.

मुदत आणि पैसे यांचा माणसाच्या मनावर किती परिणाम होतो, याची एक नोंद उपलब्ध आहे. हार्वर्ड आणि एमआयटी या विद्यापीठांच्या, एडेक्स या शिक्षण संकेतस्थळावरील ऑनलाइन कोर्सचा अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक लोक कोर्सच्या आत कधी शिरलेच नव्हते, आणि २०१७-१८ या वर्षी सर्व सहभागी लोकांमध्ये कोर्स पूर्ण करणारे साधारण ३ टक्के होते. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये हेच प्रमाण ४६ टक्के होते. पैसे भरल्याने कोणी हुशार होत नाही; ज्याला पूर्ण करायचेच होते तोच बहुधा पैसे भरतो. तरीही यातून एवढे दिसते की फुकट आणि बिनमुदतीचा अभ्यास सुटण्याची शक्यता फार मोठी असते.

तीन आठवड्यांनी वही उघडावी. चोवीसपैकी अठरा-वीस तास झाले असतील आणि अडकलेल्या जागा चार-पाचच असतील, तर क्लासची गरज नाही. तास झाले पण अडकलेल्या जागांची यादी दोन पाने असेल, तर तुम्हाला माणूस हवा. तास सहा-सातच झाले असतील तर तुम्हाला वेळापत्रक हवे. आणि इथे मनाला न फसवता मान्य करावे की पुढचे तीन आठवडेही बहुधा असेच जातील.

चौथी पायरी: मुंबईतले तास मोजावेत

पुण्यात किंवा नाशिकमध्ये हा भाग दोन ओळींत संपला असता. मुंबईत क्लास निवडताना अभ्यासक्रमाइतकाच नकाशा पाहावा लागतो.

समजा घर कल्याणला, नोकरी लोअर परळला आणि क्लास दादरला, आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी सात ते नऊ. एरवी तुम्ही सव्वाआठला घरी पोचता. क्लासच्या दिवशी पावणेअकरा होतात. म्हणजे सहा तासांच्या शिकवणीसाठी आठवड्याचे साडेसात तास गेले. हे परवडते, कारण क्लास परतीच्या वाटेवर आहे. आता तोच क्लास अंधेरीला, शनिवार-रविवार तीन-तीन तास असल्याचे समजा. कल्याणहून दादर, पूल चढून पश्चिम रेल्वे, मग अंधेरी. दारापासून दारापर्यंत जाऊन-येऊन साडेतीन तास तरी धरावेत. सहा तासांसाठी तेरा तास गेले आणि सुट्टीचे दोन्ही दिवस संपले. त्यात रविवारचा मेगाब्लॉक धरलेला नाही. ज्या क्लासची मुख्य बॅच रविवारी असते आणि ज्याच्याकडे चुकलेल्या तासाचे रेकॉर्डिंग नसते, तो मध्य रेल्वेच्या प्रवाशाने घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. जुलै महिन्याबद्दल वेगळे सांगायला नको.

क्लास कामावरून परतीच्या वाटेवर असावा किंवा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावा. तिसरी जागा घेऊ नये. शिवाय शिकवणीच्या प्रत्येक तासामागे घरी किमान तास-दीड तास सराव धरावा लागतो. तो धरल्यावर आठवड्याची बेरीज पंधरा तासांच्या वर जात असेल, तर नोकरी करणाऱ्याचा क्लास दुसऱ्या महिन्यात सुटतो. माझ्या बॅचमधली गळतीही बहुतेक पाचव्या-सहाव्या आठवड्यातच व्हायची.

प्रवास वाचवायचा म्हणून ऑनलाइन पण थेट शिकवणी घेण्याचा पर्याय चांगला आहे. त्यात शिक्षक आणि वेळापत्रक दोन्ही मिळतात. अडचण घराची असते. वन रूम किचनमध्ये संध्याकाळी आठ वाजता, मालिकेच्या आवाजात, तुम्ही माइक चालू करून शंका विचारणार आहात का? अभ्यासिकेत शांतता मिळते, पण तिथे बोलता येत नाही, आणि प्रश्न न विचारता ऐकलेली थेट शिकवणी ही यूट्यूबचीच महागडी आवृत्ती ठरते.

पाचवी पायरी: पैशांचा हिशेब तासावर आणावा

खासगी क्लासच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तोंडी सांगितलेल्या आकड्यात तो अनेकदा नसतो. ३५,००० रुपये म्हणून सांगितलेली फी पावतीवर ४१,३०० होते. कोर्स साठ तासांचा असेल तर शिकवणीचा तास सुमारे ६८८ रुपयांना पडला. आता आपली अडकलेल्या जागांची यादी घ्यावी आणि त्या साठपैकी किती तास खरोखर आपल्या कामाचे आहेत ते मोजावे. वीसच असतील, तर तुमच्या दृष्टीने दर दोन हजारांच्या वर गेला.

प्रमाणपत्राच्या परीक्षेचे शुल्क बहुधा यात नसते. सीसीएनएची परीक्षा ३०० अमेरिकी डॉलरची आहे, एडब्ल्यूएस या अमेझॉनच्या क्लाउड सेवेची प्राथमिक क्लाउड प्रॅक्टिशनर १०० डॉलरची, आणि त्यावर कर वेगळा. पहिल्या खेपेला परीक्षा हुकली तर तेवढेच पैसे पुन्हा मोजावे लागतात. त्यामुळे घरी अभ्यास करणाऱ्यानेही हिशेबात एक परीक्षा जादा धरलेली बरी.

‘बिनव्याजी हप्ते’ हा शब्द ऐकला की थांबावे. हप्ते क्लास देत नाही, वित्तसंस्था देते. ती क्लासला रक्कम एकदम चुकती करते आणि तुम्ही तिचे कर्जदार होता. उद्या क्लास बंद पडला तरी हप्ता पाच तारखेला खात्यातून जातच राहतो आणि थकला तर सिबिलचा गुणांक बिघडतो. डिजिटल कर्जासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वार्षिक खर्चाचा खरा दर दाखवणारे मुख्य माहितीचे विवरणपत्र तुम्हाला मिळायलाच हवे, आणि सुरुवातीच्या ठरावीक दिवसांत मुद्दल व तेवढ्याच दिवसांचे व्याज देऊन, दंड न भरता, कर्जातून बाहेर पडता येते. ते दिवस किती आहेत हे सही करण्यापूर्वी वाचावे. काउंटरवर तुमचा मोबाइल मागून ‘ओटीपी मीच टाकतो’ म्हणणाऱ्याला मोबाइल देऊ नये.

सहावी पायरी: क्लास ठरलाच, तर आधी क्लासची परीक्षा घ्यावी

मी स्वतः एकदा फसलो आहे, म्हणून हा भाग जरा तपशिलाने लिहितो. नोकरीच्या पहिल्या वर्षी उपनगरातल्या एका क्लासमध्ये मी लिनक्ससाठी पैसे भरले. डेमो लेक्चर इतके सुंदर झाले की मी त्याच दिवशी निम्मी फी दिली. बॅच सुरू झाली तेव्हा शिकवायला दुसराच माणूस आला, आमच्यापेक्षा दोन बॅच आधी तिथेच शिकलेला. तिसऱ्या आठवड्यात तोही नोकरी लागून गेला. परताव्याबद्दल विचारले तर पावतीच्या मागच्या बाजूचा बारीक मजकूर दाखवण्यात आला. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की डेमो पाहू नये, चालू बॅचचा मधलाच कोणता तरी तास पाहायला मागावा. क्लास नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच आहे.

त्या तासाला शेवटच्या बाकावर बसून शिक्षकाकडे नव्हे, विद्यार्थ्यांच्या पडद्यांकडे पाहावे. प्रत्येकाच्या पडद्यावर तीच आज्ञा जशीच्या तशी टाइप होत असेल तर ती लॅब नाही, श्रुतलेखन आहे. कोणाचे तरी अडले आणि शिक्षकाने कीबोर्ड स्वतःकडे ओढून दुरुस्त करून दिले, तर तो शिक्षक बरा. ‘तुला काय वाटते, कुठे अडले असेल?’ असे विचारून हात मागे ठेवले, तर तो उत्तम. मधल्या सुट्टीत खाली चहाच्या टपरीवर दोन विद्यार्थ्यांना गाठून शिक्षक किती वेळा बदलले, एवढेच विचारावे.

मग कार्यालयात जाऊन पुढील गोष्टी लेखी मागाव्यात: शिकवणाऱ्याचे नाव आणि तो बदलल्यास काय, बॅचमध्ये कमाल किती विद्यार्थी, प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र आहे का, लॅब शिकवणीच्या वेळेबाहेर वापरता येते का, चुकलेला तास कसा भरून मिळेल आणि मध्ये सोडल्यास किती रक्कम परत मिळेल. अभ्यासक्रमाची आवृत्तीही विचारावी. सीसीएनएची २००-३०१ ही परीक्षा फेब्रुवारी २०२० पासून आहे आणि कॉम्पटिया या संस्थेच्या ए प्लस या संगणक-सपोर्टच्या प्रमाणपत्राची नवी मालिका २०२५ मध्ये आली. भिंतीवरच्या कपाटात त्याआधीची पुस्तके दिसली तर शिकवणीही तेवढीच जुनी असण्याचा संभव आहे.

‘शंभर टक्के जॉब गॅरंटी’ ही पाटी दिसली की मी आत जात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या फसव्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या असून नोकरीच्या अशा हमीचे खोटे दावे त्यांत निषिद्ध ठरवले आहेत. पावती, जाहिरातीचा फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे आश्वासन जपून ठेवावे. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि जो क्लास परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ‘डम्प’ म्हणजे चोरलेले प्रश्न वाटतो, तो तुम्हाला प्रमाणपत्र रद्द होण्याच्या धोक्यात टाकतो. ते टळले तरी मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला भांडे फुटते.

पदवीनंतर पूर्ण वेळ देऊ शकणाऱ्यांसाठी सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचा सुमारे सहा महिन्यांचा पदव्युत्तर डिप्लोमा हा वेगळ्या वजनाचा पर्याय आहे. मुंबई परिसरात जुहू आणि खारघर येथे सी-डॅकची केंद्रे आहेत; प्रवेश सी-कॅट या परीक्षेतून होतो आणि पात्रतेचे निकष आधी वाचावेत. ती पूर्ण वेळ मेहनत आहे, संध्याकाळच्या क्लासशी तिची तुलना करू नये.

सातवी पायरी: घरी अभ्यास करायचा, तर घरातच लॅब उभारावी

व्हिडिओ पाहणे म्हणजे अभ्यास नव्हे. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप सुरुवातीला चालतो, १६ जीबी असेल तर हात मोकळा राहतो. त्यावर व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे एका संगणकात दुसरे आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर, टाकून दोन लिनक्स यंत्रे उभी करावीत. रेड हॅट कंपनीची आरएचसीएसए ही लिनक्स प्रशासनाची परीक्षा पूर्णपणे प्रात्यक्षिक असते, ३०० पैकी २१० गुण लागतात आणि बहुपर्यायी प्रश्न एकही नसतो. ज्याने यंत्र दहा वेळा मोडून पुन्हा उभे केलेले नाही त्याचा तिथे निभाव लागत नाही. क्लाउडचे खाते उघडल्यावर सर्वांत आधी खर्चाची मर्यादा कळवणारी बजेटची सूचना लावावी, मग बाकीचे. चालू राहिलेला एक सर्व्हर महिनाअखेरीस घरच्या वीजबिलाहून मोठे बिल पाठवू शकतो.

लॅमिंग्टन रोडवर जुने स्विच आणि राउटर मिळतात आणि ते घेण्याचा मोह सगळ्यांना होतो. सीसीएनएसाठी त्यांची गरज नाही, पॅकेट ट्रेसर पुरतो. घेतलाच, तर त्याचा पंखा चाळीत रात्री अकराला चालू करू नये.

सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे चुकांची वही. प्रत्येक चुकीला चार रकाने: काय केले, पडद्यावर काय आले, कारण काय निघाले आणि ते कसे सापडले. डोंबिवलीच्या त्या मुलाच्या वहीत नोंद अशी होती: ‘ट्रंकवर २० ला परवानगी दिली / १० चे पिंग बंद, चुकीचा संदेश नाही / अ‍ॅड राहिले, यादी पुसली / ट्रंकची स्थिती पाहून.’ मुलाखतीत ‘एखादी अडचण कशी सोडवली ते सांगा’ असे विचारतात तेव्हा अशी एक नोंद दहा प्रमाणपत्रांचे काम करते.

आठवड्यातून एकदा पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहून काढावे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रयोगांतून दाखवले की लगेच विचारले तर पुन्हा वाचणाऱ्यांना जास्त आठवते, पण आठवड्याने विचारले तर आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांना. आपण वाचल्यावर येणाऱ्या समाधानाला फसतो, ते यामुळेच. मराठी माध्यमातून आलेल्यांनी हाच सराव दोन टप्प्यांत करावा: संकल्पना आधी मराठीत स्वतःला समजावून सांगावी, मग तेच उत्तर इंग्रजीत मोठ्याने बोलून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. मुलाखतीत अडखळायला होते ते बहुधा वाक्याच्या सुरुवातीला, विषयावर नाही.

आठवी पायरी: मिश्र मार्ग

नोकरी करणाऱ्या बहुतेकांना मी हाच मार्ग सुचवतो. ‘ओरडणारे’ घटक घरी संपवावेत. अडकलेल्या जागांची यादी वाढली की त्या कामात असलेल्या एखाद्या अनुभवी माणसाचे किंवा क्लासमधल्या शिक्षकाचे चार-सहा तासच विकत घ्यावेत; अनेक शिक्षक पूर्ण कोर्सऐवजी अशी शंकानिरसनाची शिकवणी द्यायला तयार असतात, फक्त ते स्वतःहून सांगत नाहीत. एकाच मार्गावर राहणारे तिघे मिळाले तर खर्च विभागला जातो, आणि रविवारी कोणाच्या तरी घरी दोन तास एकमेकांच्या लॅबमध्ये मुद्दाम बिघाड करून ठेवण्याचा खेळ खेळता येतो. यातून मिळणारे शिक्षण मी कोणत्याही क्लासमध्ये पाहिलेले नाही.

वेळापत्रकाची उणीव भरून काढायला परीक्षेची तारीखच पक्की करावी. सराव चाचण्यांत सलग दोनदा ऐंशी टक्क्यांच्या आसपास गुण पडले की साधारण तीन आठवड्यांनंतरची तारीख घ्यावी. नोंदणी करताना नाव ओळखपत्रावर आहे तसेच लिहावे. आपल्याकडे आधारवर स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव, पासपोर्टवर वेगळी मांडणी आणि ईमेलवर फक्त दोनच शब्द असा प्रकार सर्रास असतो, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचा घोळ आणखी मोठा. केंद्रावर नाव जुळले नाही तर आत सोडत नाहीत आणि भरलेले शुल्क बुडते. म्हणून तारीख घेण्यापूर्वी परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर कोणते ओळखपत्र चालते ते पाहावे, त्याच ओळखपत्रावरून खात्यातले नाव दुरुस्त करून घ्यावे आणि शक्यतो रविवार सोडून दुसऱ्या दिवसाची, सकाळी अकरानंतरची वेळ निवडावी.